माळ घातली, आता आखाजीचं काय?

प्रश्न : माझ्या मिस्टरांनी मागच्या कार्तिकीला आळंदीला जाऊन तुळशीची माळ घातली. आमच्या घरात याआधी कुणी माळकरी नव्हतं. तेव्हापासून भाऊबंदांची थट्टा चालू आहे. ‘किती दिवस टिकते बघू’ म्हणतात. धुळवडीला शेतात मटण होतं, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) निंबाखाली पत्त्याचा डाव बसतो, लग्नाच्या आदल्या रात्री काय चालतं ते तुम्हाला ठाऊकच आहे. मिस्टर कुणाला उलट बोलत नाहीत, पण आता अशा ठिकाणी जाणंच टाळायला लागलेत. मला कुतूहल आहे. आपल्या खान्देशात पिढ्यान्‌पिढ्या माळ सांभाळणारी माणसं आहेत. ती लोकांच्या बोलण्याला आणि आग्रहाला कशी पुरून उरतात? आणि खरं सांगा, माळ काढून खुंटीला टांगणारेही असतातच ना?
– एक वाचक भगिनी, ता. पारोळा

उत्तर : असतात, ताई. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो, म्हणजे पुढचं मोकळेपणानं बोलता येईल. माळ काढून खुंटीला टांगायची, जेवून हात धुवायचा आणि परत गळ्यात घालायची, असे लोक प्रत्येक गावात दोन-चार निघतात आणि गावाला ते माहीतही असतात. त्यांच्यावरचे विनोद तुम्ही ऐकले असतीलच. पण गंमत अशी की, हा विनोद होतो तो माळ टिकवणारे बहुसंख्य आहेत म्हणून. सगळ्यांनीच माळा टांगल्या असत्या तर त्यात हसण्यासारखं काही उरलंच नसतं.

आता मूळ प्रश्न. तुम्ही विचारता, माणसं टिकतात कशी. बहुतेकांना वाटतं, मनाच्या निग्रहानं. मला तसं वाटत नाही. निग्रह लागतो, पण तो थोडाच पुरतो. धुळवडीच्या दुपारी, रस्सा उकळताना, चुलतभाऊ ताट पुढं करून उभा असताना एकट्या निग्रहावर उभा राहणारा माणूस फार वेळ उभा राहत नाही. वारकऱ्यांमधल्या जुन्या लोकांना हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्यांनी माळेभोवती जी व्यवस्था उभी केली, ती मनाच्या बळाबद्दल जरा संशय धरूनच केलेली आहे.

माळ घेताना काय होतं ते तुमच्या मिस्टरांनी सांगितलं असेल. एखाद्या फडाच्या किंवा परंपरेच्या महाराजांच्या हातून ती घ्यायची. मद्यमांस सोडायचं, परस्त्री मातेसमान मानायची, दुसऱ्याच्या पैशाला हात लावायचा नाही, एकादशी धरायची, रोज हरिपाठ म्हणायचा आणि वर्षातून निदान एकदा पंढरी गाठायची. कडक माळकरी तर माळ तुटली की ती ओवून पुन्हा गळ्यात पडेपर्यंत पाणीही घेत नाहीत. यातल्या खाण्यापिण्याच्या बंदीकडेच सगळ्यांचं लक्ष जातं, कारण तीच पंगतीत दिसते. पण नीट पाहिलं तर नियमांपैकी निम्मे ‘करू नका’चे आहेत आणि निम्मे ‘करा’चे. दर पंधरा दिवसांनी एकादशी येते, रोज संध्याकाळी हरिपाठ असतो, वर्षाला वारी असते. नुसतंच सोडायला सांगितलं असतं तर माणूस सुटलेल्या गोष्टीकडेच बघत बसला असता.

आणि माळ गळ्यात असते, खिशात नसते. ही साधी गोष्ट फार मोठं काम करते. ज्या लोकमताची तुम्हाला धास्ती वाटते, तेच लोकमत माळकऱ्याचा पहारेकरी होतं. पहिल्या वर्षी थट्टा होते, हे खरं. दुसऱ्या वर्षी पंगत बसताना कुणीतरी ओरडतं, ‘अरे, त्याला माळ आहे, त्याचं वेगळं काढा.’ पुढं पुढं कंदुरीच्या, म्हणजे नवसाच्या बकऱ्याच्या, जेवणातसुद्धा माळकऱ्यांची भाजी-भाकरी वेगळ्या चुलीवर शिजते, त्यांची पंगत वेगळी बसते, आणि कोणी चुकून रश्श्याची पळी तिकडं वळवली तर पिऊन आलेला माणूसच त्याच्यावर खेकसतो. म्हणजे हसणारेच राखणदार होतात. तुमच्या मिस्टरांचं अजून पहिलंच वर्ष आहे. ‘किती दिवस टिकते बघू’ असं म्हणणारे भाऊबंद थट्टा करत असतील, पण ते बघतही आहेत, आणि बघणारी माणसं असणं हे या कामात नुकसानीचं नाही.

या व्यवस्थेचा सगळ्यात उघड नमुना पाहायचा असेल तर गावच्या अखंड हरिनाम सप्ताहात जाऊन बसा. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही, असा दंडक असतो. विणेकऱ्याच्या गळ्यातून ती उतरते ती थेट दुसऱ्याच्या गळ्यात पडते. रात्री दोन वाजता, भजनी मंडळी घोंगडीवर लवंडलेली, मंडपात एक दिवा, आणि एक शेतकरी डोळे चोळत वीणा छेडत उभा. त्याचा पहारा संपत आला की पुढचा माणूस येतो, दोघं एकमेकांच्या पाया पडतात, वीणा बदलते, पहिला घरी जाऊन झोपतो. पहाऱ्याची यादी आधीच वहीत लिहिलेली असते. कोणी आला नाही तर त्याच्या घरी जाऊन कडी वाजवली जाते. त्या सात दिवसांत एकही माणूस सलग जागा नसतो, पण वीणा सात दिवस वाजत राहते. माझ्या मते निष्ठा टिकते ती अशीच. एकाला झोप लागते तेव्हा दुसरा जागा असावा लागतो. म्हणून तुमच्या मिस्टरांना मी आधी एकच विचारीन, की गावात किंवा जवळपास त्यांची भजनाची बैठक आहे का? नसेल तर आळंदीहून आणलेली ती माळ फार एकटी पडलेली आहे.

आता मोहाबद्दल. मोह म्हटलं की आपल्याला बाटली दिसते, पत्ते दिसतात. पण मोह तसा उघड्या तोंडानं क्वचित येतो. तो शहाणपणाचं बोलणं बोलत येतो. यावरचं अतिशय मार्मिक विवेचन आपल्याच धुळ्यात झालेलं आहे, तेही तुरुंगात. 1932 साली विनोबा भावे धुळ्याच्या तुरुंगात होते. 21 फेब्रुवारीपासून 19 जूनपर्यंत दर रविवारी एक, अशी गीतेच्या अठरा अध्यायांवर त्यांनी अठरा प्रवचनं दिली. समोर सत्याग्रही कैदी होते, जमनालाल बजाज होते, आणि ती प्रवचनं भराभर लिहून घेणारे साने गुरुजी होते. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलातली मास्तरकी सोडून ते 1930 साली चळवळीत पडलेले. त्यांच्या हातानं उतरलेली ती ‘गीता प्रवचने’ पुढं देशभर गेली.

पहिल्याच प्रवचनात विनोबा अर्जुनाची उलटतपासणी घेतात. अर्जुन रणांगणावर युद्धाचे दोष सांगू लागतो, कुलक्षय, पाप, संन्यास अशा मोठमोठ्या गोष्टी बोलतो. विनोबा विचारतात, हा अर्जुन आजवर काय करत होता? शेकडो लढाया मारलेला माणूस हा. त्याला हिंसा एकाएकी का खुपली? समोर आपली माणसं उभी राहिली म्हणून. मग ते एका न्यायाधीशाची गोष्ट सांगतात. शेकडोंना फाशी दिलेला तो न्यायाधीश, पण एके दिवशी त्याचा स्वतःचाच मुलगा आरोपी म्हणून समोर आला आणि त्याला फाशीची शिक्षाच अमानुष वाटू लागली. युक्तिवाद खोटा नव्हता कदाचित, पण तो त्या दिवशी सुचला, यातच सगळं आलं.

तुमच्या भाऊबंदांचे युक्तिवाद या चाळणीतून काढून बघा. ‘एक दिनमा काय व्हस रे भो?’ ‘अन्नाला नाही म्हणू नये.’ ‘देव भावाचा भुकेला, तो ताटात डोकावत नाही.’ ‘माणुसकी मोठी, माळ काय लाकडाची.’ यातलं शेवटचं तर संतांनीही आपापल्या परीनं सांगितलेलं आहे. खोटं यात काही नाही. फक्त ही सगळी तत्त्वं धुळवडीच्या दुपारीच का सुचतात? एरवी वर्षभर चुलतभावाला माणुसकी आठवली असती तर बांधाचा वाद कधीच मिटला असता. तेव्हा वाद घालत बसू नये. हसून ‘खरं आहे तुझं’ म्हणावं आणि भरिताचं ताट जवळ ओढावं.

भरिताचं मी मुद्दाम म्हणतो. खान्देशावर देवाची एक कृपा आहे. आमच्याकडं मांसाहार न करणाऱ्यालाही पार्टीत दुय्यम बसावं लागत नाही. हिवाळ्यात कपाशीच्या काड्यांच्या जाळावर भाजलेली वांगी, मुसळीनं ठेचलेली, वर हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे, आणि कळण्याची भाकरी किंवा पुऱ्या. ढाब्यावर गेलात तर तोच काळ्या मसाल्याचा तिखटजाळ रस्सा शेवभाजीच्या नावानं मिळतो. नाकातून पाणी काढायला मटणच हवं असं काही नाही. मी पाहिलेले हुशार माळकरी धुळवडीला निमंत्रणाची वाट पाहत नाहीत. ते थंडीतच आपल्या मळ्यात भरिताची पार्टी देऊन मोकळे होतात, सगळ्या भाऊबंदांना बोलावून. ज्यानं एकदा तुमच्या मळ्यात पोटभर जेवून ढेकर दिला, त्याची थट्टेची धार जरा बोथट होतेच.

पण तुमच्या पत्रातलं एक वाक्य मला जास्त खटकलं. मिस्टर कार्यक्रमांना जाणंच टाळायला लागलेत, असं तुम्ही लिहिता. हे बरं लक्षण नाही. त्यावरून एक जुनी कथा आठवते.

आपल्या जळगाव जिल्ह्यात, तापीच्या काठी मेहुणला मुक्ताबाई गुप्त झाल्या, असं परंपरा सांगते. विजेचा कडकडाट झाला आणि त्या दिसेनाशा झाल्या, साल 1297. कोथळी-मुक्ताईनगरहून त्यांची पालखी दर वर्षी ज्येष्ठात निघते आणि महिनाभर चालून आषाढीला पंढरपुरात पोचते. लांबचा पल्ला गाठणाऱ्या जुन्या पालख्यांत तिचा मान मोठा. या मुक्ताबाईंच्या नावावर ताटीचे अभंग आहेत. त्यामागची कथा सगळ्यांना माहीत आहे. संन्याशाची पोरं म्हणून ज्ञानदेव-मुक्ताबाई या भावंडांना गावानं वाळीत टाकलेलं. एके दिवशी कोणाचं तरी बोलणं ज्ञानदेवांच्या वर्मी लागलं आणि ते झोपडीची ताटी लावून आत बसले. धाकटी बहीण बाहेर उभी राहून त्यांची समजूत घालते आणि दार उघडायला सांगते.

मला या कथेतली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. लोक बोलले आणि ज्ञानदेवांना लागलं. ज्ञानदेवांना! तेव्हा तुमच्या मिस्टरांना लागतं, यात कमीपणा काही नाही. पण ताटी लावून बसलेला ज्ञानदेव बहिणीला मान्य झाला नाही. लोकांपासून तोंड फिरवून जपलेली निष्ठा ही वारकऱ्यांची रीतच नाही. वारकरी घरदार, शेती, सोयरीक, सगळं सांभाळून माळ घालतो. जंगलात जायचं असतं तर माळेची गरज काय होती? तिथं कोण मटण वाढायला येणार आहे?

तेव्हा आखाजीला त्यांनी जावं, असं माझं स्पष्ट मत आहे. आखाजी म्हणजे नुसता पत्त्याचा डाव नव्हे, हे तुम्हाला मी काय सांगावं. माहेरवाशिणी घरी आलेल्या असतात, निंबाला झोके बांधलेले असतात, पितरांच्या नावानं घागर भरायची असते, आंब्याचा रस पहिल्यांदा ताटात पडतो. सालदारांची जुनी सालं संपून नवीन ठरतात तीही आखाजीलाच. वर्षातल्या या मोठ्या सणाला पुरुषांनी चार पत्ते खेळायचे, त्यात पैसे लावायचे, हे इकडं इतकं रुजलंय की त्या दोन दिवसांपुरतं त्याला कोणी जुगार म्हणतच नाही. मिस्टरांनी डावाच्या ठिकाणी जाऊन बसायची गरज नाही. पण घागर भरायला, झोक्याला दोर बांधायला, सालदाराशी हिशेब करायला ते नसले तर लोक एवढंच म्हणतील की माळेनं माणूस आमच्यातून उठवला. आणि तिथून बरोबर आठ दिवसांनी, वैशाख शुद्ध एकादशीला, तुमच्यापासून जवळच अमळनेरला सखाराम महाराजांचा रथ निघतो. बोरी नदीच्या पात्रात समाधी आहे, यात्रा भरते, सगळा पूर्व-पश्चिम खान्देश तिथं लोटतो. डावावर बसणाऱ्या एखाद्या चुलतभावाला हाताला धरून रथाला घेऊन जा म्हणावं. तो नक्की येईल. डावावर बसणारेच रथापुढं सगळ्यात जोरात नाचतात, हे मी सांगायला नको.

कॅलेंडरवरची दुसरी एक जागाही लक्षात ठेवा. आषाढी एकादशीनंतर तीन आठवड्यांच्या आत आषाढी अमावस्या येते. तीच गटारी. वारी करून आलेला माणूस पायाचे फोड भरतात न भरतात तोच गावची सगळ्यात मोठी ओली रात्र येऊन उभी राहते. पुढं श्रावण लागला की निम्मं गाव आपोआप माळकरी होतं, तेव्हा काही प्रश्न नाही. अडचण असते ती या तीन आठवड्यांची. वारीचा उत्साह ओसरलेला असतो, शेतात निंदणी अडलेली असते आणि मनात कुठंतरी ‘एवढं चाललो, आता एक दिवस’ असं सुरू होतं. त्या रात्री भजन ठेवायचं, एवढंच मी सांगेन. तेही आपल्या ओट्यावर.

माळेइतक्याच, किंबहुना जास्त कठीण परीक्षा देणारे लोक खान्देशात आहेत, तेही सांगितलं पाहिजे. महानुभाव पंथाचा उपदेश घेतलेली पुष्कळ घरं आपल्याकडं आहेत. त्यांचा पेच ताटातला नसतो, देव्हाऱ्यातला असतो. एका परमेश्वराशिवाय कोणत्याही देवतेला हात जोडायचा नाही, असा त्यांचा अनन्य भाव. आता श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी सगळी भाऊबंदकी कानबाई देवीच्या रोटाला जमते, परदेशात नोकरीला गेलेलासुद्धा त्या दिवसासाठी गावी येतो. तिथं एकच घर ‘आम्ही उपदेशी आहोत’ म्हणून हात जोडत नाही. त्या घराला काय काय ऐकून घ्यावं लागत असेल, विचार करा. मटण नाकारणं त्या मानानं सोपं. कुळाचार नाकारला की घरातली म्हातारी माणसंच दुखावतात. तरी ती घरं शेकडो वर्षं टिकली आहेत, भांडण न करता, ‘दंडवत प्रणाम’ म्हणत.

आणि सातपुड्याच्या पायथ्याला गेलात तर तिसराच नमुना. तळोदा तालुक्यात मोरवडच्या गुलाम महाराजांनी 1930 च्या दशकात भिल्ल समाजात ‘आप’ धर्माची चळवळ उभी केली. दारू सोडा, रोज आंघोळ करा, एकत्र येऊन आरती करा, एकमेकांना ‘आप’ म्हणा. ज्यांना सावकार, जमीनदार आणि सरकारी शिपाई ‘अरे’शिवाय हाक मारत नव्हते, त्यांनी एकमेकांना ‘आप’ म्हणायचं! आरतीला हजारोंनी माणसं जमू लागली. 1938 साली महाराज गेल्यावर त्यांचे बंधू रामदास महाराजांनी ते काम पुढं नेलं, आणि गर्दी एवढी वाढली की सरकारलाच धसका बसला. दारू सोडलेल्या माणसाची भीती कोणाला वाटते, हे यातून कळतं. पुढं 1972-73 च्या सुमारास शहाद्याच्या बाजूला आदिवासी बायकांनी गावोगाव जाऊन दारूची मडकी फोडली. तेव्हा तो सगळा भाग धुळे जिल्ह्यातच होता. नंदुरबार वेगळा झाला 1998 साली. त्या बायकांनी नवऱ्यांना निग्रहाचे धडे दिले नाहीत. मडकंच फोडलं. समोर भरलेलं मडकं ठेवून माणसाला संयम शिकवायचा, हा उद्योग त्यांना वेडेपणाचा वाटला असणार, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही.

आता एक धोका सांगतो, ज्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही. थट्टा चार-दोन वर्षांत थांबते. त्यानंतर मान सुरू होतो, आणि माळेला खरी कसर लागते ती तिथं. लोक ‘माउली’ म्हणायला लागतात. सप्ताहाच्या पावतीपुस्तकावर नाव येतं. निवडणूक आली की दोन्ही पॅनेलचे लोक पायाला हात लावायला घरी येतात आणि फोटो काढून जातात. मटणाला नाही म्हणणारा माणूस या मानाला नाही म्हणू शकत नाही, हे मी पुष्कळ वेळा पाहिलं आहे. परद्रव्याचा नियम खाण्यापिण्याच्या नियमाइतकाच माळेबरोबर येतो. पण बांध कोरणारा, रेतीच्या पैशात भागी ठेवणारा माळकरी पंगतीत मात्र वेगळाच बसतो आणि कोणी त्याला ‘माळ काढ’ म्हणत नाही. गावाचा पहारा ताटापुरता असतो, तो सातबाऱ्यापर्यंत पोचत नाही. तिथं ज्याचा त्यालाच जागावं लागतं.

पूर्णा आणि तापीच्या संगमावर चांगदेव गाव आहे, तिथलं जुनं दगडी देऊळ तुम्ही पाहिलं नसेल तर पाहून या. कथेतला चांगदेव चौदाशे वर्षं जगलेला योगी, वाघावर बसून येणारा, मागं शिष्यांचा तांडा. त्याला मद्यमांसाचा मोह नव्हता. त्याचा मोह नावाचा होता. ज्ञानदेवांना पत्र लिहायला बसला आणि वडीलधाऱ्यासारखं लिहावं की लहानासारखं, याचाच निर्णय होईना, म्हणून कोराच कागद पाठवला. चौदाशे वर्षं होऊन हा कोराच राहिला, असं तो कागद पाहून मुक्ताबाई म्हणाल्याचं सांगतात. शेवटी त्या लहान मुलीलाच त्यानं गुरू केलं. वारकऱ्यांनी ही कथा सातशे वर्षं सांगत ठेवली आहे, ती काही चमत्कारासाठी नाही.

आणि कधी असंही होतं की निष्ठावंतांचंच मत निष्ठेच्या आड येतं. त्या वेळी माळ, फड, पंगत, यांतलं काहीच मदतीला येत नाही. साने गुरुजींवर ती वेळ आली. पंढरपूरचा विठ्ठल अस्पृश्य मानलेल्यांना भेटत नाही, हे त्यांना सहन होईना. महाराष्ट्रभर फिरून त्यांनी लोकमत जागं केलं, आणि 1 मे 1947 ला पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले. सनातनी विरोधात गेले, ते अपेक्षितच होतं. पण मित्रही कचरले. स्वातंत्र्य तोंडावर आलेलं, हे आता कशाला, असं म्हणणारे थोडे नव्हते. अपुऱ्या माहितीवरून गांधीजींचीही तार आली, उपोषण सोडा म्हणून. ज्यांच्या शब्दासाठी गुरुजी तुरुंगात गेले, त्यांचीच ती तार! गुरुजींनी उपोषण सोडलं नाही. बडव्यांनी मंदिर खुलं करायचं मान्य केल्यावर 10 मे रोजी ते सुटलं. आज तुमचे मिस्टर ज्या दारातून आत जातील, त्या दारातून कोणीही आत जातं, ते त्या दहा दिवसांमुळं. मित्रांचं, गुरूंचं, धर्मवाल्यांचं, सगळ्यांचंच मत उलट असताना माणूस कशाच्या जोरावर बसून राहतो, याचं उत्तर माझ्या वरच्या सगळ्या व्यवस्थेत बसत नाही. ते मी बसवायचा प्रयत्नही करत नाही.

तुमच्यासाठी थोडं, ताई. नवऱ्यानं माळ घातली की अर्धी माळ बायकोच्या गळ्यात आपोआप पडते, तिला न विचारता. एकादशीचं वेगळं, पोरांच्या अंड्याचं वेगळं, सासऱ्यांचं वेगळं, चूल मात्र एकच. त्यांनी आळंदीला जाण्याआधी तुम्हाला विचारलं होतं का, ते तुमच्या पत्रात नाही. विचारलं नसेल तर आता तरी बोलून घ्या. मुलांना अंडं घरात चालेल का, वेगळी भांडी लागतील का, ती घासणार कोण, वारीच्या महिन्यात शेत कोण बघणार, हे स्पष्ट ठरवा. आणि त्यांच्यावर पाळत मात्र ठेवू नका. गाव ते काम फुकट करतंय.

समजा एखाद्या वर्षी माळ निघालीच, तर त्याचाही बाऊ करू नका. ज्या फडाकडून ती घेतली, तिथं जाऊन सांगायचं. साधारणपणे पुन्हा मिळते, थोडं ऐकून घ्यावं लागतं. ती खुंटीवर टांगून ठेवू नये, एवढंच.

एक विनंती सगळ्याच वाचकांना. धुळे, जळगाव, नंदुरबारकडचे ज्यांनी माळ घालून, काढून, पुन्हा घातली आहे, किंवा जे घरातले पहिले उपदेशी, पहिले ‘आप’वाले ठरले, त्यांनी आपला अनुभव लिहून कळवावा. खास करून पहिल्या वर्षी काय काय ऐकून घ्यावं लागलं आणि थट्टा नेमकी कधी थांबली, ते. अहिराणीत लिहिलंत तरी चालेल. नाव-गाव छापणार नाही.